मीठ, राख आणि जर्मनचं पातेलं

आमच्या परभणीकडे अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम म्हणणारी माणसं मी फार उशिरा पाहिली. सगळे 'जर्मन' म्हणत. जर्मनचं पातेलं, जर्मनची कळशी, जर्मनचा डबा. जिंतूर-पाथरीकडच्या खेड्यांत त्याचं 'जर्मल' व्हायचं. आता या धातूचा जर्मनीशी संबंध काय? माझा अंदाज असा की हे नाव उसनं आहे. आधी बाजारात 'जर्मन सिल्व्हर' नावाचा पांढरा मिश्रधातू आला होता. तांबं, निकेल आणि जस्त यांचं ते मिश्रण, त्यात चांदीचा कणसुद्धा नसतो. मग त्याहून स्वस्त आणि त्याहून हलकी अशी दुसरी पांढरी भांडी आली, तेव्हा लोकांनी जुनंच नाव नव्या धातूला चिकटवलं असावं. भाषा अशीच काटकसर करते.

या जर्मनच्या भांड्यांचा आणि मिठाचा जुना दावा आहे. अ‍ॅल्युमिनियमला खारं पाणी मानवत नाही हे जगभरच्या जहाजवाल्यांना आणि विमानवाल्यांना माहीत आहे. परभणीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे चारशे किलोमीटर. म्हणजे आपला त्याच्याशी काही संबंध नाही असं वाटेल. पण मीठ काही फक्त समुद्रात नसतं. ते वरणात असतं, लोणच्यात असतं, उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरीच्या मचूळ पाण्यात असतं. पाटाचं पाणी जास्त झालेल्या काळ्या रानात ते पांढरं होऊन वर येतं, शेतकरी म्हणतात मीठ फुटलं. समुद्रावर जी लढाई विमानांची झाली तीच आपल्याकडे चुलीपाशी, पातेल्यांची झाली. त्या लढाईचा इतिहास बरेच दिवस डोक्यात घोळत होता, तो आज लिहून काढतो आहे.

*

सुरुवात जर्मनच्या आधीपासून करावी लागेल, म्हणजे तांब्या-पितळेपासून. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं. हा 'कळकणे' शब्द मराठीतला फार नेमका शब्द आहे. आंबट किंवा खारट पदार्थाने तांब्या-पितळेचा अंश सुटतो, पदार्थ हिरवट होतो, चव तुरट लागते, आणि पोटात गेला तर मळमळ आणि उलट्या. म्हणजे आपल्या आज्या-पणज्या ज्या धातूत स्वयंपाक करत तो धातू अन्नाला लागता कामा नये हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यावर उपाय होता कल्हई.

कल्हईवाला यायचा, झाडाखाली खड्डा खणायचा, भाता जमिनीत पुरायचा आणि कोळसे पेटवायचा. भांडं आधी घासून, मग लाल होईपर्यंत नव्हे पण चांगलं तापवून घ्यायचा. त्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर यायचा, नाकात झणझणायचा. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवायची. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे ते लोण्यासारखं पसरायचं. कापसाच्या बोळ्याने ते झरझर फिरवलं की काळपट पितळ चांदीसारखं व्हायचं. लगेच पाण्यात बुडवायचं, चर्र! आम्ही पोरं फक्त त्या आवाजासाठी उभी असायचो.

यातली गंमत नंतर कळली. नवसागर हे स्वतःच एक मीठ आहे, अमोनियम क्लोराईड. तापल्यावर ते फुटतं आणि धातूवरचा गंज-मळ खाऊन टाकतं. स्वच्छ उघड्या धातूवरच कथील धरतं. म्हणजे मिठापासून भांडं वाचवायचं तर आधी मिठानेच त्याची जुनी कातडी सोलायची, आणि मग नवी चढवायची.

हाच नवसागर आपल्या शेजारी बिदरला वेगळ्या कामाला लागला. बिदर आणि परभणी १९४८ पर्यंत एकाच निजामी राज्यात होते. बिदरी काम जस्ताच्या मिश्रधातूवर होतं, त्यात थोडं तांबं असतं. त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या गरम लगद्याने भांडं माखतात. जस्ताचा भाग कुळकुळीत काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. ते काळेपण म्हणजे धातूवर मुद्दाम चढवलेला एक पातळ थर आहे. बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. आपल्याकडच्या कल्हईवाल्याला असं काही मिळालं नाही. तो नुसताच येईनासा झाला.

कल्हईत दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ती झिजते, दर काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. दुसरी म्हणजे कथील महाग. ते इथे फारसं निघत नाही, बाहेरून आणावं लागतं. १९४२ च्या सुरुवातीला मलाया आणि सिंगापूर जपानच्या हाती गेले तेव्हा जगातल्या कथलाचा एक मोठा स्रोत बंद झाला. कथील महागलं की काही कारागीर त्यात शिसं मिसळत. शिसंही पांढरं, तेही सहज वितळतं, डोळ्याला फरक कळत नाही. पण ते विष आहे. तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणताना एवढं लक्षात ठेवावं.

*

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट याच्या उलट आहे. मातीत सगळीकडे असलेला हा धातू. भूकवचात धातूंमध्ये याचंच प्रमाण सर्वांत जास्त, साधारण आठ टक्के. पण तो ऑक्सिजनला इतका घट्ट धरून बसतो की १८२५ साली डेन्मार्कच्या अर्स्टेडने पहिल्यांदा तो मोकळा केला तोपर्यंत कुणी पाहिलाच नव्हता. पुढची साठ वर्षं तो श्रीमंतांचा धातू होता. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेने तो वेगळा करण्याची एकच रीत शोधली. दोघेही तेव्हा अवघ्या बावीस-तेवीस वर्षांचे. त्यानंतर भाव असे कोसळले की दागिन्यांच्या पेटीतून हा धातू थेट स्वयंपाकघरात आला.

आपल्या देशात त्याची भांडी बनवायला मद्रासमध्ये सुरुवात झाली. तिथल्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये अल्फ्रेड चॅटर्टन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने १८९८ साली हा प्रयोग हाती घेतला. धातूकाम करणाऱ्या देशी कारागिरांना नवं काम मिळावं हा त्यातला हेतू. काही वर्षांत तो धंदा खाजगी कंपनीकडे गेला. पत्रा मात्र बाहेरून येत होता. देशात हा धातू गाळण्याचं काम बऱ्याच नंतर सुरू झालं, केरळात अलवायेजवळच्या अलुपुरमला १९४३ साली, ऐन युद्धात. पुढे हिराकूड, मग १९६२ ला रेणुकूट. बेळगावच्या कारखान्याला कोल्हापूरच्या डोंगरांतलं बॉक्साइट जाऊ लागलं. सह्याद्रीच्या माथ्यावरची ती लालभडक जांभ्याची माती म्हणजे कुणाच्या तरी घरच्या पातेल्याचं मूळ आहे, हे आंबोली-राधानगरीकडे फिरताना आपल्या ध्यानात येत नाही.

मराठवाड्यात हे भांडं घराघरात कधी शिरलं? पुस्तकी उत्तर माझ्याकडे नाही, घरचं आहे. आमच्या घरात ते १९७२ च्या दुष्काळात शिरलं. तोवर चुलीवर पितळी पातेली, न्हाणीत तांब्याचं घंगाळ, उतरंडीशेजारी पितळी हंडे असा थाट होता. थाट म्हणजे काय, तीच बँक होती. पीक बुडालं की भांडं गहाण टाकायचं, सुगीला सोडवायचं. बहात्तर साली सोडवायला सुगी आलीच नाही. खडी फोडायच्या कामावर गेलेली माणसं, सुकडी, मिलो ज्वारी हे सगळं मोठ्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की मी पाहिल्यासारखं वाटतं. आजीने घंगाळ आणि दोन हंडे मोडीत काढले. त्या पैशातले थोडे खर्चून जर्मनची दोन पातेली आणि एक कळशी घेतली, उरलेल्यात दाणे आणले.

हा सौदा नुसता नाइलाजाचा नव्हता, त्यात हिशेबही होता. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, पितळेची साडेआठच्या आसपास. म्हणजे तेवढंच भांडं तिप्पट हलकं. विहिरी आटल्यावर पाणी लांबून आणायचं, तेव्हा डोक्यावरच्या पाण्याचं वजन कमी होत नाही, पण भांड्याचं तरी होतं. शिवाय त्याला कल्हई लागत नाही. ताक ठेवलं तर हिरवं पडत नाही. दुष्काळात ज्या बाईने हे भांडं घेतलं तिला ते वरदानच वाटलं असणार.

*

कल्हई का लागत नाही? कारण हा धातू स्वतःची कल्हई स्वतः करतो. ताजा कापलेला अ‍ॅल्युमिनियमचा पृष्ठभाग हवेला लागताच क्षणार्धात त्यावर ऑक्साइडचा थर बसतो. अगदी पातळ, काही नॅनोमीटरचा. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून कल्पना करा. पण हा थर घट्ट असतो. लोखंडाचा गंज पापुद्रे होऊन सुटतो आणि आतलं लोखंड उघडं टाकतो, इथे तसं होत नाही. ओरखडा पडला तरी जखम लगेच भरून येते. माणिक आणि नीलम हीसुद्धा रसायनाच्या भाषेत अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच. तेव्हा आजीच्या पातेल्याला माणकाच्या जातीचं अस्तर होतं म्हटलं तरी चालेल.

या अस्तराचे शत्रू तीन. पहिला मीठ. मिठातला क्लोराईड या थरातली एखादी कमकुवत जागा शोधतो आणि तिथेच खोल खोल शिरतो. सगळं भांडं झिजत नाही, टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. रात्रभर खारट आमटी ठेवलेल्या पातेल्याच्या तळाशी सकाळी पांढरे ठिपके दिसतात ते हेच. दुसरा शत्रू आंबट, म्हणजे चिंच, आमसूल, ताक, टोमॅटो. तिसरा शत्रू कुणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे राख. आपल्याकडे भांडी राखेने घासत. लाकडाच्या राखेचं पाणी अल्कधर्मी असतं, धुण्याचा सोडाही तसाच. अ‍ॅल्युमिनियमचा थर आम्लातही विरघळतो आणि अल्कलीतही. गंमत म्हणजे बॉक्साइटमधून हा धातू मिळवायची पहिली पायरीच ही आहे की कॉस्टिक सोड्यात तो विरघळवून घ्यायचा. कारखान्यात ज्या गुणामुळे तो मातीतून सुटतो, त्याच गुणामुळे मोरीवर तो भांड्यातून सुटतो.

चौथा शत्रू घरभेदी आहे, तो म्हणजे तांबं. पाण्यात मीठ असेल, ते जड असेल आणि त्यात तांब्याचा अगदी लेशमात्र अंश असेल तर अ‍ॅल्युमिनियमला भोकं पडायचा वेग वाढतो. चहाच्या किटल्यांना भोकं का पडतात याचा इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात चक्क अभ्यास झाला होता. आपल्याकडे काय व्हायचं? रात्रभर तांब्याच्या हंड्यातलं विहिरीचं जड पाणी सकाळी जर्मनच्या पातेल्यात तापत ठेवायचं. म्हणजे तिन्ही गोष्टी हजर!

बायकांनी यावर कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय नियम बसवले होते. जर्मनमध्ये फक्त भात, दूध आणि पाणी. आमटी लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. लोणच्याचा त्याला वासही लागू द्यायचा नाही, लोणचं चिनी मातीच्या बरणीतच. (ती बरणीदेखील आतून काचेचा मुलामा दिलेली मातीच आहे.) मिठाचा सट दगडाचा किंवा लाकडाचा. पाणी तापवून काळं पडलेलं भांडं चिंचेने किंवा लिंबाच्या सालीने उकळून पांढरं करायचं. १९५९ नंतर भारतात प्रेशर कुकर बनू लागले आणि हळूहळू आमच्यासारख्यांच्या घरांतही पोचले, तेव्हा तळाच्या पाण्यात लिंबाची फोड टाकायची हाही त्याच घराण्यातला नियम. जड पाणी उकळलं की अल्कधर्मी होतं आणि भांडं काळवंडतं, लिंबू ते सावरून घेतं. का ते ठाऊक नसेल, पण काय करायचं ते बिनचूक ठाऊक होतं.

*

आता समुद्राकडे जाऊ. खारी हवा आणि अ‍ॅल्युमिनियम यांची पहिली मोठी फजिती नाण्यांत झाली. ब्रिटिशांनी १९०७ साली पश्चिम आफ्रिकेसाठी अ‍ॅल्युमिनियमची छोटी नाणी पाडली. दमट, खाऱ्या किनाऱ्यावर ती टिकेनात, आणि दुसऱ्याच वर्षी धातू बदलून ती तांबं-निकेलची करावी लागली.

दरम्यान जर्मनीत आल्फ्रेड विल्मने १९०६ च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं घालून पोलादाशी बरोबरी करणारा मिश्रधातू काढला, ड्युरालुमिन. (म्हणजे अखेर जर्मनीचा संबंध आलाच!) झेपेलिनचे सांगाडे त्याचेच. पण घरभेदी तांबं आता धातूच्या पोटातच होतं. त्याने ताकद वाढली आणि गंजाशी लढायची शक्ती घटली. पहिल्या महायुद्धानंतर धातूची विमानं आली, त्यांतली काही पाण्यावर उतरणारी. समुद्राच्या पाण्यात त्यांचे पत्रे आतून पोखरले जाऊ लागले. इथे पातेलं फुटण्याचा प्रश्न नव्हता, माणसं मरण्याचा होता.

उत्तर इंग्लंडमध्ये निघालं. बेंगफ आणि स्टुअर्ट या दोघांनी १९२३ साली एका पद्धतीचं पेटंट घेतलं. धातू जो थर आपोआप चढवतो तोच त्याला विजेने जाड चढवायला लावायचा. क्रोमिक आम्लाच्या टाकीत विमानाचा सुटा भाग बुडवायचा आणि विजेच्या धन टोकाला जोडायचा. पाण्यातला ऑक्सिजन धातूशी जुळतो आणि थर वाढत जातो. इंग्रजीत धन टोकाला अ‍ॅनोड म्हणतात, म्हणून ही क्रिया अ‍ॅनोडायझिंग. १९२७ साली क्रोमिकऐवजी स्वस्त गंधकाम्ल वापरायची रीत आली, आणि आजही जगात मुख्यतः तीच चालते.

हा थर वरून लावलेला रंग नव्हे. तो धातूतूनच उगवतो, काही आत आणि काही बाहेर. म्हणून तो पापुद्र्यासारखा निघत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसतो, असंख्य उभ्या नळ्या. त्या नळ्यांत हवा तो रंग भरता येतो. शेवटी भांडं उकळत्या पाण्यात ठेवलं की थर पाणी पिऊन फुगतो आणि नळ्यांची तोंडं मिटतात. हे शेवटचं तोंड मिटणं राहिलं तर आधीची सगळी मेहनत वाया, कारण क्लोराईड त्याच नळ्यांतून आत जातो. नैसर्गिक थर काही नॅनोमीटर, तर हा पाचपासून पंचवीस मायक्रॉनपर्यंत, म्हणजे हजारो पटींनी जाड.

त्याच काळात अमेरिकेत दुसरा उपाय निघाला, अल्क्लॅड. मजबूत पण गंजणाऱ्या ड्युरालुमिनच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनी शुद्ध अ‍ॅल्युमिनियमची पातळ कातडी दाबून बसवायची. कातडी स्वतः गंजून आतल्याला वाचवते. हे वाचलं तेव्हा मला झाडाखालचा कल्हईवालाच आठवला. तत्त्व वेगळं, विजेचं गणित वेगळं, पण कल्पना तीच. कामाला एक धातू, आणि बाहेरच्या जगाला तोंड द्यायला दुसरा.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस इंपिरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी मोठी विमानं इंग्लंडहून कराची, राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद करत कलकत्त्याला जात. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात, भर उन्हाळ्यात, एका जलाशयावर ही अजस्र विमानं उतरत असतील तेव्हा काठावर उभ्या असलेल्या मराठी माणसांना काय वाटलं असेल? त्यांच्या घरी बहुधा अजून तांबं-पितळच होतं, आणि समोर तरंगत होतं ते जर्मनचं विमान.

*

यातलं आपल्या घरांत काय आलं? बरंच. स्वतंत्र भारताने १९६४-६५ पासून अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमची छोटी नाणी काढली, एक, दोन, तीन, पाच पैशांची, पुढे दहा आणि वीसचीही. आफ्रिकेतल्या नाण्यांचं जे झालं ते यांचं झालं नाही. घामाच्या हातांतून ती वर्षानुवर्षं फिरली, कारण मॅग्नेशियम मिसळलेला हा धातू मिठापुढे बराच तग धरतो. आजच्या अ‍ॅल्युमिनियमच्या बोटींचा पत्राही याच घराण्यातला. (२०११ च्या जून अखेरीस पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी बंद झाली. वाईटाने नव्हे, महागाईने त्यांना खाल्लं.) भांड्यांत हिंडालियम आलं, तेही मिश्रणच, साध्या जर्मनपेक्षा कणखर. मग आली ती काळी, हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढई. शून्य अंशाच्या आसपास थंड केलेल्या आम्लात जास्त वीज देऊन तिचा थर जाड आणि टणक केलेला असतो. तिच्यात चिंचेची आमटी खुशाल करावी.

खाऱ्या हवेतली चाचणी आपल्या देशात रामेश्वरमजवळच्या मंडपमला होते. कारैकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था तिथे समुद्रकाठी धातूचे नमुने उघड्यावर ठेवते, आणि काळ काय करतो ते नोंदवते. महाराष्ट्रात नागपूरला जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ पासून आहे. मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या घरांच्या खिडक्या आधी अ‍ॅनोडाइज्ड असत, आता बऱ्याचशा पावडर कोटिंगच्या असतात. भट्टीत भाजून पक्का केलेला तो रंगाचा थर.

पण प्रत्येक थराची किंमत कुणीतरी मोजतं. कल्हईवाला आयुष्यभर नवसागराचा धूर छातीत घ्यायचा. विमानांना वाचवणाऱ्या क्रोमिक आम्लातला क्रोमियम कॅन्सर करतो, म्हणून युरोपने त्यावर कडक बंधनं आणली आहेत आणि जग पर्याय शोधतं आहे. अ‍ॅनोडायझिंगच्या छोट्या वर्कशॉपात आम्लाच्या वाफेत उभा असलेला पोरगा आपल्याला कढईच्या चकाकीत दिसत नाही.

*

आता जे लिहायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं ते. शेवटच्या काही वर्षांत आजीला विसर पडत गेला. आधी भाज्यांची नावं, मग गावांची, मग आमची. त्याच सुमारास घरात कुणीतरी म्हणालं, 'आयुष्यभर जर्मनच्या पातेल्यात खाल्लं ना, म्हणून.' ते वाक्य घरात राहिलं. आता ते दर दोन महिन्यांनी मोबाइलवर कुणाकुणाच्या नावाने फिरून येतं. आत्या, तू परवा विचारलंस की बहात्तर साली आईने तांबं विकलं नसतं तर? तुझ्यासाठी थोडं सविस्तर लिहितो.

ही शंका हवेतून आलेली नाही. १९६५ साली सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर त्यांच्या मज्जापेशींत बदल दिसले. १९७० च्या दशकात डायलिसिसवरच्या रुग्णांना पाण्यातल्या आणि औषधांतल्या अ‍ॅल्युमिनियममुळे मेंदूचा त्रास झाल्याचं सिद्ध झालं. त्यावरून अल्झायमरचं कारण हेच असावं असा तर्क निघाला. पण पुढच्या इतक्या वर्षांच्या अभ्यासांतून, भांड्यांतल्या अ‍ॅल्युमिनियमने अल्झायमर होतो असं सिद्ध झालेलं नाही. आपण जेवढं गिळतो त्यातलं एक टक्क्याहूनही कमी रक्तात जातं, आणि ते निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकतं. मूत्रपिंड अधू असलेल्यांनी मात्र खरोखर जपावं. २०११ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न संघटनेच्या तज्ज्ञ समितीने मर्यादा ठरवली, शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला दोन मिलिग्रॅम. आंबट-खारट पदार्थ साध्या अ‍ॅल्युमिनियममध्ये शिजवून तसाच ठेवला तर अंश जास्त सुटतो, हेही खरं. म्हणजे आजीचे नियम बरोबरच होते. तिने आमटी कधी रात्रभर जर्मनमध्ये ठेवली नाही.

आणि ते तांबं? त्याला कल्हई लागली असती. त्या साली कल्हईला पैसे नव्हते. कल्हई उडालेल्या पितळेतली आंबट आमटी किंवा शिसं मिसळलेली स्वस्त कल्हई, यांतलं काही पोरांच्या पोटात गेलं असतं तर ते नक्की विष होतं, त्यात तर्काला जागा नाही. आजीने मोडीत काढलेल्या घंगाळाने चार पोरं दुष्काळातून बाहेर काढली. त्यातली एक तू आहेस. तिच्या विसरण्याचा दोष त्या पातेल्यावर टाकायला आधार नाही, आणि तिच्या निर्णयावर तर मुळीच नाही. एवढं तरी घरात नीट सांगितलं जावं.

आता उरला प्रश्न माळ्यावरच्या त्या दोन पातेल्यांचं काय करायचं हा. तळाला भोकं आहेत, कडा वाकल्या आहेत. मला तरी ती जपून ठेवायचा सोस नाही. एक किलो नवा अ‍ॅल्युमिनियम करायला साधारण चौदा युनिट वीज लागते, जुना वितळवायला त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. मोडवाल्याकडे गेली तर त्यांचं पुन्हा काहीतरी होईल, बहुधा एखाद्या खिडकीची चौकट. नवं भांडं घ्याल तेव्हा मात्र आयएसआय छाप बघून घ्या. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना तो छाप सक्तीचा करणारा सरकारी आदेश मार्च २०२४ मध्ये निघाला आहे. साधं असेल तर आजीचे नियम पाळा, काळं असेल तर तारेच्या घासणीने घासू नका. आणि राख, सोडा दोन्हीला लांब ठेवा.